आधी द्रुत, मग विलंबित: शास्त्रीय संगीत ऐकायला सुरुवात कशी करावी

डिसेंबरातला ‘सवाई गंधर्व’ महोत्सव जवळ आला की पुण्यात बरेच जण ठरवतात, यंदा शास्त्रीय संगीत नीट ऐकायचं. मोठ्या गायकाचं तासाभराचं ध्वनिमुद्रण लावतात. पहिली दहा मिनिटं काय चाललंय ते कळत नाही, पंधराव्या मिनिटाला हात फोनकडे जातो आणि ‘आपल्याला यातलं काही कळत नाही’ असा निकाल लागतो. कानात काही दोष नसतो. ऐकण्याचा क्रम चुकलेला असतो.

मैफलीत कलाकार विलंबितापासून, म्हणजे संथ लयीपासून, सुरुवात करतो आणि द्रुताकडे, म्हणजे जलद लयीकडे, जातो. तो क्रम राग मांडण्यासाठी आहे. अतिविलंबित एकतालात (बारा मात्रांचा, म्हणजे ठोक्यांचा ताल) एका आवर्तनाला, म्हणजे तालाच्या एका फेरीला, पाऊण ते एक मिनिट लागतं. ज्याला सोळा मात्रांचा मध्यलयीतला तीनताल अजून धरता येत नाही, त्याला हा मिनिटभराचा पल्ला कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे समजणारच नाही. म्हणून शिकताना उलटं जायचं: आधी छोटा ख्याल (द्रुत), मग त्याच रागातला बडा ख्याल (विलंबित). शिवाय एका वेळी एकच राग.

खाली दिलेल्या क्रमाला साधारण तीन महिने लागतात, रोज अर्धा तास दिला तर. रविवारी एकदम साडेतीन तास बसून हिशोब भरून निघत नाही. कान रोजच्या सवयीने तयार होतो.

तयारी

पहिली गोष्ट, फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. पुरुष गायकाचा सा बहुधा काळी एक किंवा पांढरी दोनच्या (या पेटीच्या पट्ट्या) आसपास असतो. काळी एकच्या तानपुऱ्याची खर्जाची, म्हणजे खालच्या ‘सा’ची, तार सुमारे ६९ हर्ट्‌झला वाजते. एवढा खालचा स्वर फोनचा इवलासा स्पीकर नीट देऊच शकत नाही. डग्ग्याचा (तबल्याच्या डाव्या भांड्याचा) घुमारही असाच हरवतो. म्हणजे ज्या दोन गोष्टींच्या आधाराने सूर आणि ताल ओळखायचे, त्याच गायब. साधे तारेचे हेडफोन चालतील. घरात जुना म्युझिक सिस्टीम पडून असेल तर तो पुसून जोडा, उत्तम काम देईल.

दुसरी गोष्ट, मध्ये जाहिराती नकोत. आलाप (रागाचे स्वर सावकाश उलगडणं) चालू असताना साबणाची जाहिरात आली की कानात बसलेला सा उडतो आणि पुन्हा बसायला दोन-तीन मिनिटं जातात. ध्वनिमुद्रण आधी उतरवून ठेवा किंवा सीडी वापरा. शफल आणि ऑटोप्ले बंद करा.

आणखी तीन गोष्टी हाताशी हव्यात: तानपुऱ्याचं अ‍ॅप (लेहरा, म्हणजे ताल धरायला फिरत राहणारी धून, असलेलं मिळालं तर चांगलं), एक वही, आणि ठरावीक वेळ. वहीत रोज चारच गोष्टी लिहायच्या: राग, कलाकार, बंदिशीचे (रागात-तालात बांधलेल्या गीताचे) पहिले शब्द, ताल. ‘फार सुंदर’ वगैरे अभिप्राय लिहू नका, पुढे त्यांचा उपयोग होत नाही.

ध्वनिमुद्रण निवडताना लांबी बघा. सुरुवातीला २० ते ३० मिनिटांचं घ्या. सत्तर मिनिटांची मैफल कितीही थोर असली तरी ती नंतर.

टप्पा १: सा पकडा (४ ते ५ दिवस)

इथे कुठलाही राग ऐकायचा नाही. फक्त तानपुरा.

तानपुरा बहुतेक वेळा ‘प सा सा सा’ असा लावतात. पहिली तार मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमाची, म्हणजे ‘प’ची, मधल्या दोन जोडीच्या, शेवटची खर्जाची. अ‍ॅपवर आपल्या गळ्याला सोपी पट्टी निवडा. पुरुषांनी काळी एक किंवा पांढरी दोन, स्त्रियांनी काळी चार किंवा काळी पाच लावून बघा. रोज पाच मिनिटं तोंड मिटून जोडीच्या तारांबरोबर गुणगुणा. सूर बरोबर मिळाला की आपला आवाज तानपुऱ्यात विरघळल्यासारखा वाटतो. किंचित खाली-वर असला की थरथर जाणवते.

दोन दिवसांनी कुठल्याही ख्यालाचं ध्वनिमुद्रण लावा आणि गाणं सुरू होण्याआधीचा तानपुरा ऐकून त्याचा सा गुणगुणा. मग दुसऱ्या कलाकाराचं लावा. सा बदललेला असेल. आपल्या संगीतात सा एका पट्टीला बांधलेला नाही. प्रत्येक गायक आपल्या गळ्याप्रमाणे तो ठरवतो, बाकीचे सगळे स्वर त्याच्यावरून मोजले जातात. त्यामुळे किशोरी आमोणकरांचा भूप ऐकून लगेच भीमसेन जोशींचं काही लावलं, तर मधे अर्धा मिनिट थांबून नवा सा कानात बसवून घ्यायचा.

*नेहमीची चूक:* पंचमालाच सा समजणं. पंचमाची तार आधी वाजते आणि कान तिला चिकटतो. शंका आली तर चारही तारांच्या एका फेरीत कुठला स्वर तीनदा येतो ते मोजा. तोच सा.

*तपासा:* ध्वनिमुद्रण मध्येच थांबवा, वीस सेकंद शांत बसा, मग सा गुणगुणा आणि पुन्हा चालू करा. पाचपैकी तीन वेळा जुळला तर पुढे चला. नाही जुळला तर आणखी दोन दिवस इथेच. हा टप्पा उडवला की पुढचं सगळं डळमळीत होतं.

टप्पा २: तीनताल आणि सम (१ आठवडा)

नवख्याला एकच ताल पुरेसा आहे, तीनताल. सोळा मात्रा, चार-चारचे चार भाग:

धा धिं धिं धा | धा धिं धिं धा | धा तिं तिं ता | ता धिं धिं धा

टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला, खाली (हात उलटा) नवव्या मात्रेला. पहिली मात्रा म्हणजे सम. मोजायला बोटांची पेरं वापरा: प्रत्येक बोटाची तीन पेरं आणि टोक अशा चार जागा, अंगठा सोडून चार बोटं, झाल्या सोळा. बोल तोंडाने म्हणत अंगठा फिरवायचा.

आता ऐकताना काय शोधायचं ते नीट लक्षात घ्या. दहाव्या मात्रेपासून डग्ग्याचा घुमार बंद होतो. तिं तिं ता ता हे चार बोल कोरडे, नुसत्या उजव्या तबल्याच्या चाटेवर (कडेवर) आणि शाईवर (मधल्या काळ्या भागावर) वाजतात. चौदाव्या मात्रेच्या ‘धिं’वर डग्गा परत येतो. तो परत आला की तिथून तीन मात्रा: धिं, धिं, धा. आणि पुढची सम. एवढी एक खूण पकडली की मोजणी चुकली तरी पुढच्या फेरीत परत गाडीत बसता येतं.

आधी तीन दिवस लेहऱ्यावर सराव करा. मध्यलयीत एका आवर्तनाला साधारण आठ ते दहा सेकंद लागतात, तीच लय ठेवा. मग एखादी तीनतालातली मध्यलयीची बंदिश घ्या. भैरवमधली ‘जागो मोहन प्यारे’ किंवा भीमपलासमधली ‘जा जा रे अपने मंदिरवा’ अनेकांनी गायली आहे आणि सहज मिळते.

*सावधान:* बंदिशीचा पहिला शब्द म्हणजे सम नव्हे. कित्येक बंदिशी नवव्या मात्रेपासून उठतात, काही त्याच्याही नंतर. पहिल्या शब्दापासून ‘एक’ मोजायला घेतलं तर अख्खं गाणं उलटं बसतं. आधी मुखडा ओळखा: जो शब्दांचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो आणि ज्याच्या शेवटी गायक एका अक्षरावर वजन देतो. ते वजन, तबल्याचा भरीव ‘धा’ आणि मैफलीत असाल तर समोरच्यांच्या हललेल्या माना, तिन्ही एकाच जागी येतात. ती सम.

*तपासा:* सलग दहा आवर्तनांत सात वेळा समेवर बोट आलं पाहिजे. गायक ताना (जलद स्वरांच्या लडी) घेऊ लागला की मोजणी सुटेल, ते चालेल. गायकाकडे दुर्लक्ष करून तबल्याकडे कान द्या, पुढच्या कोरड्या बोलांची वाट बघा, परत मिसळा.

टप्पा ३: भूप (२ आठवडे)

पहिला राग भूपच घ्यावा. पाच स्वर, सगळे शुद्ध: सा रे ग प ध. मध्यम (म) नाही, निषाद (नी) नाही. शिवाय मराठी कानात तो आधीपासून आहे. गीतरामायणातलं पहिलंच गीत ‘स्वये श्री रामप्रभू ऐकती’ भूपातलं. ‘स्वयंवर’ नाटकातलं ‘सुजन कसा मन चोरी’ हेही भूपातलं.

क्रम असा:

१. पहिले दोन दिवस ही दोन गाणी ऐका आणि त्यांची चाल शब्दांशिवाय गुणगुणा. आपण आता रागाचे स्वर गातो आहोत, एवढं लक्षात आलं की पुरे.

२. मग किशोरी आमोणकर यांची ‘सहेला रे, आ मिल गाये’. ही द्रुत तीनतालातली बंदिश. रोज एकदा, सलग पाच दिवस. पहिल्या दिवशी फक्त शब्द, दुसऱ्या दिवशी फक्त सम. तिसऱ्या दिवशी मुखड्याला परत येण्याआधी बाई कुठे कुठे जाऊन येतात ते बघा: खाली धैवताकडे (ध), गंधारावर (ग) थांबून, वर तार षड्जाला, म्हणजे वरच्या ‘सा’ला, टेकून. चौथ्या-पाचव्या दिवशी काहीही न शोधता ऐका.

३. दुसऱ्या आठवड्यात त्याच मुद्रणातला विलंबित ख्याल, ‘प्रथम सुर साधे’. पहिल्या दिवशी पहिली दहाच मिनिटं. मोजणीची चिंता आत्ता करू नका, ती पाचव्या टप्प्यात आहे. इथे एकच बघायचं: ‘सहेला रे’मध्ये जे स्वरांचे तुकडे भर्रकन गेले होते, तेच आता सावकाश, एकेक करून समोर येतात. हा अनुभव आला की विलंबित ख्यालाचा कंटाळा कायमचा जातो. द्रुत आधी ऐकण्याचा सगळा आग्रह याच एका क्षणासाठी आहे.

४. शेवटचे तीन दिवस दुसऱ्या कुणाचाही भूप, गाणं किंवा वाद्य. आणि सगळ्यात शेवटी देशकार.

देशकारचे स्वर अगदी तेच, सा रे ग प ध. पण देशकार सकाळचा, भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. भूपात गंधार हे घर आहे, गाणं फिरून फिरून तिथे येऊन विसावतं आणि खालच्या अंगाला रमतं. देशकारात धैवताला मान, सगळा कल सप्तकाच्या वरच्या अर्ध्या भागाकडे. दोन्ही लागोपाठ ऐका.

*नेहमीची चूक:* राग म्हणजे स्वरांची यादी असं समजून आरोह-अवरोह पाठ करत बसणं. यादी एकच असूनही भूप आणि देशकार वेगळे आहेत, हे कानाने पटलं की पाठांतराचा सोस आपोआप सुटतो. थाट, वादी-संवादी, जाती हे सगळं नंतर वाचा. आधी वाचलं तर कान पुस्तकातलं शोधत राहतो आणि समोरचं ऐकत नाही.

*तपासा:* घरच्या कुणाला तरी पाच-सहा तुकडे वाजवायला सांगा, काही भूपाचे, काही देशकारचे, दोन-दोन मिनिटांचे. सहापैकी चार ओळखता आले पाहिजेत. नाहीच आले तर हिरमुसू नका. हा फरक खरंच बारीक आहे. आणखी चार दिवस द्या.

टप्पा ४: यमन (दीड आठवडा)

भूपानंतर यमन सोपा जातो, कारण यात नवीन फक्त दोन स्वर येतात: तीव्र (चढवलेला) मध्यम आणि शुद्ध निषाद. तीव्र मध्यम कानाने ओळखायचा असेल तर अ‍ॅपवर किंवा पेटीवर ग-म-प आणि ग-तीव्र म-प आलटून पालटून वाजवा. तीव्र मध्यम पंचमाला अगदी खेटून असतो, त्याच्याकडे ओढला जातो.

ओळखीचं गाणं म्हणून ‘स्वयंवर’मधलं ‘नाथ हा माझा’ घ्या. मग तीनतालातली ‘एरी आली पिया बिन’ ही बंदिश, निदान तीन वेगवेगळ्या गायकांची. ही बंदिश विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच शिकवतात, त्यामुळे गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा दिलेली एखादी आत्या किंवा शेजारीण तुम्हाला ती समोर बसून म्हणून दाखवेल. तसं झालं तर फार चांगलं. समोर गायलेली एक बंदिश मुद्रणावरच्या दहांइतकं शिकवते.

यमनची चाल पकडायची खूण: वर जाताना हा राग पुष्कळदा सा आणि प टाळतो. ‘नी रे ग’, ‘तीव्र म ध नी’ असे तुकडे सतत ऐकू येतील. मंद्र निषादावरून उठून गंधारावर उतरणं, हे दोन-तीनदा ओळखता आलं की यमन कुठेही सापडतो.

इथेच पहिल्यांदा वाद्य घ्या. विलायत खाँ यांच्या सतारीवरचा यमन ऐका. सतारीवर क्रम वेगळा असतो. आधी तबल्याशिवाय आलाप, मग लय धरणारा जोड, मग ‘झाला’ नावाचा जलद भाग, आणि त्यानंतर तबल्याबरोबर गत, म्हणजे सतारीवरची बंदिश. इथेही उलटा क्रम वापरा, गत आधी ऐका.

*सावधान:* इंटरनेटवर ‘या रागातली शंभर गाणी’ अशा याद्या असतात. सुगम संगीतात संगीतकार चालीसाठी बाहेरचे स्वर खुशाल घेतो आणि त्याने घ्यावेतच. पण अशा यादीवरून राग शिकू नका. एका रागाला एक-दोन खात्रीची गाणी पुरतात.

टप्पा ५: विलंबित आणि मालकंस (२ आठवडे)

आता कान तयार आहे. मालकंसाचे स्वर सा, कोमल (उतरवलेला) ग, म, कोमल ध, कोमल नी. रिषभ आणि पंचम नाहीत. पंचम नाही म्हणून तानपुऱ्याची पहिली तार मध्यमाला लावतात. पहिल्या टप्प्यातली सवय इथे एकदा तपासून बघा, तानपुऱ्याचा रंग बदललेला लगेच जाणवेल. ओळखीचं गाणं ‘कानडा राजा पंढरीचा’.

मुख्य मुद्रण भीमसेन जोशी यांचं: विलंबितात ‘पग लागन दे’, द्रुतात ‘रंगरलियाँ करत सौतन के संग’. आधी अर्थातच द्रुत, चार दिवस. मग विलंबित.

विलंबित एकताल कसा धरायचा, यावर बहुतेक जण हार मानतात. बारा मात्रांचे बोल असे:

धिं धिं | धागे तिरकिट | तू ना | कत् ता | धागे तिरकिट | धी ना

प्रत्येक मात्रा चार-पाच सेकंदांची असल्यामुळे एक-दोन-तीन मोजत बसणं व्यर्थ आहे. मन भरकटतंच. त्याऐवजी ‘तिरकिट’ शोधा. तो एका आवर्तनात दोनदाच येतो, चौथ्या आणि दहाव्या मात्रेला, आणि एवढ्या संथ ठेक्यात तो ठळक उठून दिसतो. पहिल्या तिरकिटनंतर ‘तू ना’ येतं, म्हणजे डग्गा गप्प. दुसऱ्या तिरकिटनंतर ‘धी ना’, म्हणजे डग्ग्याचा घुमार आहे. घुमार ऐकू आला की सम जवळ आली. त्याच सुमाराला गायकही मुखड्याचे शब्द उचलतो. दोन्ही खुणा जुळल्या की समेवर हात आपोआप पडतो. इथे एका आवर्तनात एकदा सम मिळाली की पुरे, मधल्या अकरा मात्रा मोजण्याची गरज नाही.

आता ख्याल कसा पुढे सरकतो ते बघा. वहीत घड्याळ लावून नोंद करा:

– सुरुवातीचा तबल्याशिवायचा छोटा आलाप किती वेळ चालला?
– मुखडा पहिल्यांदा समेवर कधी आला?
– गायक मध्यमावर ठाण मांडून किती वेळ राहिला?
– तार षड्ज पहिल्यांदा पूर्ण, लांब कधी लागला?
– अंतरा (बंदिशीचा दुसरा भाग) कधी सुरू झाला?
– शब्द घेऊन केलेल्या तानांना, म्हणजे बोलतानांना, आणि मग ‘आ’कारातल्या तानांना कधी सुरुवात झाली?
– द्रुत कुठल्या मिनिटाला?

या नोंदीत सगळ्यात मोलाचा आकडा तार षड्जाचा. चांगला गायक त्या एका स्वराकडे जायला कितीतरी मिनिटं घेतो. जवळ जातो, निषादावरून परत फिरतो, ऐकणाऱ्याची तहान वाढवतो. ती बढत. ती कळली की विलंबित ख्याल संथ वाटत नाही, उलट श्वास रोखून ऐकावा लागतो.

*नेहमीची चूक:* तानांपर्यंत पुढे सरकवणं. ताना कानाला चटकन सुखावतात, म्हणून लोक तिथेच उडी मारतात. पण वीस मिनिटांची बढत न ऐकता ऐकलेली तान नुसती कसरत वाटते.

*तपासा:* तेच मुद्रण चार दिवसांनी पुन्हा लावा. तार षड्ज येणार हे तो येण्याआधी जाणवलं, तर हा टप्पा पार पडला.

टप्पा ६: पुढची यादी, पण याच क्रमाने

इथून पुढे प्रत्येक रागाला आठवडा द्या.

१. भीमपलास, दुपारचा. ‘जा जा रे अपने मंदिरवा’ तालासाठी ऐकली होती, आता रागासाठी ऐका. कोमल गंधार आणि कोमल निषाद मिंडेने, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत, येतात, ठोकून नाही.

२. मारुबिहाग, प्रभा अत्रे. द्रुतातली ‘जागूँ मैं सारी रैना’ आधी, मग विलंबित ‘कल नाही आये’. यात शुद्ध आणि तीव्र दोन्ही मध्यम आहेत. यमन पक्का झाला असेल तर शुद्ध मध्यम आला की कान टवकारतात. प्रभाताईंचे सरगम (स्वरांची नावं घेत गाणं) स्पष्ट असल्यामुळे स्वर ओळखायला नवख्याला मोठी मदत होते.

३. मियाँ की तोडी, सकाळी दहाच्या सुमाराला. ‘लंगर काँकरिया जी ना मारो’. कोमल रे, कोमल ग, तीव्र म, कोमल ध. पहिल्यांदा हे स्वर अनोळखी, जरा बोचरे वाटतील. तीन दिवस द्या.

४. भैरवी, अब्दुल करीम खाँ यांची ‘जमुना के तीर’. जुन्या तव्यावर एका बाजूला सव्वातीन मिनिटांच्या आसपासच जागा असे. त्यामुळे इथे एकही स्वर वाया गेलेला नाही. खरखर आहे, तिची सवय दोन वेळा ऐकल्यावर होते.

५. मारवा, अमीर खाँ. ‘पिया मोरे अनत देस’ आणि द्रुतात ‘गुरु बिन ग्यान न पावे’. विलंबित झुमरा तालात आहे, १४ मात्रा. हा सगळ्यात शेवटी ठेवला त्याला कारण आहे. मारव्यात पंचम नाही आणि गायक सा मुद्दाम टाळत राहतो, कोमल रिषभ आणि धैवतावर टांगून ठेवतो. ज्याचा सा पक्का नाही तो इथे हमखास हरवतो आणि राग बेसूर वाटतो. ज्याचा पक्का आहे, त्याला शेवटी एकदाचा सा लागतो तेव्हा जे वाटतं, त्यासाठी तीन महिने थांबणं अगदी योग्य आहे.

वाद्यांची आवड असेल तर शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांचं ‘कॉल ऑफ द व्हॅली’ मधून मधून ऐका. फार गोड आहे. पण त्यातल्या रचना छोट्या आणि बेतलेल्या आहेत. रागाची पूर्ण मांडणी म्हणून ते धरू नका.

जयपूर घराण्याचे अनवट (क्वचित गायले जाणारे) आणि जोडराग पहिल्या सहा महिन्यांत नकोत. दोन राग वेगवेगळे ओळखता येत नसतील तर त्यांचा जोड ऐकून गोंधळच वाढतो.

टप्पा ७: प्रत्यक्ष मैफल

पहिली मैफल मोठ्या मंडपातली नसावी. शनिवार पेठेतलं गांधर्व महाविद्यालय, भारत गायन समाज अशा ठिकाणी होणारे छोटे कार्यक्रम, गुरुपौर्णिमेच्या बैठका, पुण्यतिथीनिमित्तची गाणी बघा. शंभर-दीडशे माणसांत तबलजीचा हात आणि गायकाचा चेहरा दिसतो. सम शोधायला डोळ्यांची मदत होते.

वेळेचा विचार करून जा. ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा असल्यामुळे पुण्यात दुपार-संध्याकाळचे राग भरपूर ऐकायला मिळतात: मुलतानी, पूरिया धनाश्री, मारवा, यमन. सकाळचे राग त्या मानाने दुर्मीळ. भैरव, तोडी समोर ऐकायचे तर सकाळच्या बैठकांवर लक्ष ठेवावं लागतं. दिवाळी पहाटेला बहुधा अभंग आणि नाट्यगीतंच जास्त असतात. जा जरूर, पण पूर्ण ख्यालाची अपेक्षा ठेवून नको.

सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला पहिल्या वर्षी सगळ्या दिवसांचं तिकीट काढू नका. एकच दिवस निवडा. त्या दिवशीच्या कलाकारांपैकी दोघांचं गाणं आधीच्या पंधरा दिवसांत घरी ऐकून जा. कान सलग तीन तासांवर टिकत नाही. तिसऱ्या कलाकाराला आपण नुसते बसलेलो असतो. भारतीय बैठकीवर बसणार असाल तर पाठीला आधार मिळेल अशी जागा लवकर येऊन धरा. सूर्य मावळला की थंडी झपाट्याने वाढते, शाल आणि कानटोपी पिशवीत असू द्या. स्पीकरच्या थेट समोर बसू नका, तिथे तबला गायकाच्या अंगावर येतो.

बसल्यावरचे नियम थोडे आहेत, पण पाळायलाच हवेत. उठायचं ते एक राग संपल्यावर. विलंबित संपून द्रुत सुरू होतं त्या सांध्यात उठू नका, राग अजून चालू असतो. ताल मांडीवर धरा, आवाज न करता. ‘वा’ समेवर किंवा समेनंतर. आलाप चालू असताना, गायक एका स्वरावर स्थिर असताना, शांत राहणं हीच दाद. फोनवर मुद्रण करत बसलात तर त्या दिवशी ऐकलं काहीच नाही, असं समजा.

राग ओळखू आला नाही तर शेजाऱ्याला मध्येच विचारू नका. वहीत बंदिशीचे पहिले शब्द लिहून ठेवा. घरी आल्यावर त्या शब्दांवरून राग शोधा आणि दुसऱ्या दिवशी त्याच रागाचं दुसऱ्या कलाकाराचं मुद्रण ऐका. चोवीस तासांच्या आत ऐकलं तर मैफल कानात ताजी असते. आठवड्याने ऐकलं तर दोन वेगळ्या गोष्टी वाटतात.

आणि भैरवी सुरू झाली की गाडी काढायला धावू नका. ‘सवाई’ची सांगता सवाई गंधर्वांच्या भैरवीच्या ध्वनिमुद्रिकेने, ‘बिन देखे पडे नहीं चैन’ने करण्याची प्रथा आहे. सहाव्या टप्प्यात ‘जमुना के तीर’ ऐकली असेल, तर करीम खाँसाहेबांच्या या शिष्याच्या गळ्यात गुरूचा सूर कुठे कुठे दिसतो, ते त्या काही मिनिटांत ऐकू येईल. पार्किंगमध्ये तेव्हा तशीही गर्दीच असते.